सरासरी दोन

मित्रांनो, मी जुना आहे, कॅल्क्युलेटर आहे आणि जळका आहे. तिन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस ताईंच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. ते असं:

दिवसाला दोनशे वेळा बोटं लागली – तीन हजार दिवस
दिवसाला एकदा – चाळीस दिवस
एकदाही नाही – मोजणं सोडलं

त्या चाळीस दिवसांच्या सुरुवातीला संगणक आला. त्याच्यात आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. त्याला रोज मऊ फडकं, मला खण!

परवा ताईंनी त्याला एक तक्ता दिला. खोक्यांत बाटल्या भरणाऱ्या मावशींची शंभर खोकी तपासली होती.

फुटक्या बाटल्या – खोकी
० – ६०
१ – २५
२ – १०
३ – ४
४ – १

त्याने सांगितलं, सरासरी दोन.

चूक! खणातल्या खणात मला उकळ्या फुटल्या. पडा एकदा तोंडावर, महाराज!

साहेब मात्र म्हणाले, "एकाच्या वर गेली की माणूस बदलायचा, ठरलंय आपलं. मावशी, उद्यापासून झाडलोट."

मावशींनी पदर खोचला. "शंभर खोक्यांत दोन-दोन, म्हणजे दोनशे फोडल्या मी? मग काचा काय खाल्ल्या? तो काचांचा डबा बघा. एकसष्ट बुडं आहेत, मोजून घ्या!"

मित्रांनो, त्यांची भाकरी जात होती आणि मी हसत होतो. हे सांगताना माझे आकडे पुसट होतात.

ताईंनी खण उघडला. मला पदराने पुसलं, उजेडावर चालतो म्हणून खिडकीशी नेलं. शून्य गुणिले साठ, एक गुणिले पंचवीस... माझं सातचं बटण अडकतं, पण नशिबाने सात लागलाच नाही. बेरीज एकसष्ट, भागिले शंभर. ०.६१!

"अगं बाई, मीच चुकले," ताई म्हणाल्या. "दुसरा रकाना खोक्यांच्या संख्येचा आहे, हे त्याला सांगितलंच नाही. त्याने पाच ओळी म्हणजे पाचच खोकी धरली."

त्यांनी त्या रकान्यावर एक खूण केली. पापणी लवायच्या आत पडद्यावर: सरासरी ०.६१, प्रमाण विचलन ०.९०, मध्यक ०.

"मध्यक शून्य म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"निम्म्याहून जास्त खोक्यांत एकही बाटली फुटलेली नाही."

साहेब ओशाळले. "मावशी, तुमची जागा तुमचीच."

मध्यक मला कधी सुचलाच नसता. मावशींनी डोळे पुसले आणि हात फिरवला तो त्याच्या पडद्यावर. "गुणाचं गं पोर!"

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका हवं तर. पण तक्ता कुणालाही द्या, कोणती गोष्ट किती वेळा घडली ते त्याला नीट सांगा. त्या आकड्यांत कुणीतरी उभं असतं. आणि त्या पडद्यावर हात फिरवायचाच असेल, तर आधी मला पालथं ठेवा.