तिजानीच्या नावाचं पाकीट

माझं सगळं खरंच असतं. कुठं कमी पडलं तर पदरचं घालतो, एवढंच. दारफूरमध्ये गाव जळलं तेव्हा मी गाढवावर बसून इतक्या वेगानं सीमा ओलांडली, की माझी सावली आठवडाभर मागं राहिली. इथं चाडमधल्या ताडपत्र्यांच्या वस्तीत मला शोधत शोधत ती एकटीच आली, तीसुद्धा तहानलेली.

तिजानीच्या गोष्टीत मात्र पदरचं काही नाही.

त्याची आई कल्तूमा माझी शेजारीण. नवऱ्याचा पत्ता नाही. पाच वर्षांची अबशा आणि दोन वर्षांचा तिजानी, एवढाच संसार. हलीमा नर्सनं तिजानीच्या दंडाला मापाची रंगीत पट्टी गुंडाळली की तिच्यावर धोक्याचा लाल रंगच दिसायचा, म्हणजे पोर फारच रोडावलेलं. अबशा काटक, तिचा हिरवा. नर्सनं तिजानीसाठी शेंगदाण्याच्या गोड लगद्याची पाकिटं दिली होती, तरी पोरगं भरेना.

"कल्तूमा, खरं सांग, पाकिटं कोण खातं?" हलीमानं एकदा विचारलं.

"तिजानी."

"एकटा?"

"एकट्यानं खायला तो काय चोर आहे?"

आमच्यात ताट दाराबाहेर मांडतात. असिद्याचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा, गरम गोळा मध्ये, भोवती ज्याचे त्याचे हात. वाटेनं जाणाऱ्यालाही "ये, हात धू" म्हणावं लागतं. कल्तूमानं पाकीट फोडलं की आसपासची सगळी पोरं गोळा व्हायची आणि तिजानीला बोटभर चाटण उरायचं.

"अगं, औषध आहे ते!" हलीमा म्हणाली.

"शेंगदाणे औषध असते तर आमचं अख्खं गाव हकीम झालं असतं."

हलीमा हसली, मग शांतपणे म्हणाली, "पुढच्या गुरुवारपर्यंत वजन वाढलं नाही, तर त्याला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागेल. तुलाही सोबत जावं लागेल."

कल्तूमानं अबशाचा हात घट्ट धरला. तिला इथं कुणाच्या भरवशावर टाकायचं?

मी म्हणालो, "सोपं आहे. दुसऱ्याचं पाकीट खाल्लं की शेपूट फुटतं, असं पोरांना सांगतो."

"नको आजोबा!" हलीमा म्हणाली. "उद्या सगळ्याच आया पाकिटांना भितील. तुमच्या थापा दवाखान्याबाहेरच ठेवा."

मग मी फकी बरकाकडे गेलो. हा आमचा कुराण शिकवणारा. आजाऱ्यासाठी लाकडी फळीवर शाईनं कुराणातली आयत लिहितो, ती पाण्यानं धुतो, आणि ते पाणी ज्याच्या नावाचं त्यानंच प्यायचं. दुसरा कुणी त्याला बोट लावत नाही.

"मी खोटं लिहिणार नाही," मला पाहताच तो म्हणाला.

"अरे, बसू तरी दे! नुसतं नाव लिही. पोराचं नाव तिजानी, यात काय खोटं आहे?"

त्यानं दाढी खाजवली. "आयत नाही लिहिणार. पाकीट पायदळी येतं."

"नावच लिही, बाबा."

चकचकीत पाकिटांवर शाई ठरेना. शेवटी त्यानं कागदाच्या चिठोऱ्यांवर बोरूनं 'तिजानी' लिहून एकेक चिठोरं प्रत्येक पाकिटाला दोऱ्यानं बांधलं. मग पोरांना बोलावून म्हणाला, "हे याच्या दुखण्याचं आहे. ज्याचं त्यानंच घ्यायचं." एवढंच. मी असतो तर एवढ्यात दोन सिंह आणि एक अजगर आणला असता. पण पोरांनी हात मागं घेतले.

कल्तूमानं पाकीट फोडून तिजानीच्या हातात दिलं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. एकही हात पुढं येईना. त्यानं ते अबशापुढं धरलं.

"खा, तुझंच आहे," कल्तूमा म्हणाली. पोरगं तोंड मिटून बसलं. बहिणीनं खाल्ल्याशिवाय हा कसला खातोय! कल्तूमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा अबशानं पाकीट ओठांपाशी नेलं, हवेचा मोठा घास घेतला, तो सावकाश चावला, गिळला आणि पोटावरून हात फिरवला. "झालं माझं पोट. आता तू."

तिजानीनं पाकीट पिळून पिळून संपवलं. मग रोज तसंच.

गुरुवारी हलीमानं त्याला काट्यावर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. "वाढलंय! शहरात जायला नको. पण पाकिटं चालूच ठेव."

कल्तूमानं अबशाला जवळ ओढून तिचा मुका घेतला. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या शेजारच्या पोरांकडं पाहत हलीमाला हळूच विचारलं, "आता तरी थोडं वाटू का?"