असुंताची जन्मतारीख

भाताची लावणी सुरू झाली की आमच्या शाळेत हॉकीचा हंगाम सुरू होतो. रविवारी घरच्या शेतात रोपं लावून आलेल्या पोरी सोमवारी पोटऱ्यांवर तोच वाळका चिखल घेऊन मैदानात उतरतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग रांची. सिमडेग्याजवळच्या या मिशनच्या शाळेत मी, पात्रस बिलुंग, चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि मुलींचा संघ सांभाळला. ज्या हंगामाची गोष्ट सांगतो आहे तो माझा शेवटचा. डिसेंबरात मी निवृत्त होणार होतो.

त्या वर्षी चौदा वर्षांखालच्या संघात असुंता डुंगडुंग होती. अंगाने काडीसारखी, बोलायला कमी. पण समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलपोस्टातून पहिली सुसाट धावत जाणारी तीच. चेंडू येईल तिथे काठी घालायची, काठी नाही पोचली तर नडगी. तालुक्याच्या चार सामन्यांत आमच्यावर एकही गोल झाला नाही. कप्तान एलिसबा सगळ्यांना सांगत फिरायची, "आमच्याकडे गोलकीपर नुसता ऊन खायला उभा असतो."

जिल्ह्याचे अर्ज भरायला मी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. असुंताच्या नावापुढे माझ्याच अक्षरात तारीख होती. अठ्ठावीस डिसेंबर. त्याच्या पुढच्या एक जानेवारीपासून जन्मलेल्या मुलीच खेळू शकणार होत्या. चार दिवसांनी मोठी.

आणि मला ती सकाळ आठवली. नऊ वर्षांपूर्वी शिशुवर्गाची भरती चालली होती. व्हरांड्यात साठ-सत्तर आयाबाया पोरं घेऊन बसलेल्या. आमच्याकडे जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा. कुणी म्हणे हत्ती आले त्या साली, कुणी म्हणे मोहाची फुलं पडत होती तेव्हा. मास्तरने ऐकायचं आणि तारीख ठरवायची, हीच रीत. डिसेंबरअखेर पाच वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. असुंता महिनाभराने कमी पडत होती. मी तिला डिसेंबरात ढकलली आणि पुढच्या बाईला हाक मारली. त्या दिवशी अशा किती पोरांना ढकललं, मोजलं नव्हतं. खरी तारीख हवी असती तर चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही होती. शाळेपासून दोनशे पावलांवर. फादर हाकेच्या अंतरावर होते. मी एकदाही गेलो नाही.

आताही जाता आलं असतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला पंधरा दिवस होते. वहीतला उतारा घ्यायचा, मुख्याध्यापिका सिस्टर क्लेमेन्सियांना सांगायचं, दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. पण सांगायचं काय? की मी अंदाजाने तारखा लिहीत आलो? निरोपाच्या समारंभाची तयारी सुरू झाली होती. जुने विद्यार्थी येणार होते. मी रजिस्टर मिटलं आणि अर्ज तसाच पाठवला. तालुक्याला कुणी कागद बघितले नव्हते, जिल्ह्यालाही बघणार नाहीत, असं मनाला सांगितलं.

जिल्ह्याला बघितले. मैदानाच्या कडेला तंबू, त्यात एक टेबल, टेबलामागे क्रीडा कार्यालयाचा कारकून आणि एक डॉक्टर. वयाचा अंदाज घ्यायला डॉक्टर एकेकीला तोंड उघडायला लावून दात बघत होते. एलिसबाची पाळी आली तशी ती मागे वळून म्हणाली, "डॉक्टरबाबू बैल विकत घ्यायला आलेत ग, शेपूटही दाखवू का?" पोरी खिदळल्या. डॉक्टरही हसले.

मग कारकुनाने असुंताचा अर्ज उचलला, बोट फिरवलं आणि थांबला.

"ही नाही चालणार."

"का?" मी विचारलं. मला माहीत असताना विचारलं.

"अठ्ठावीस डिसेंबर. चार दिवसांनी मोठी आहे. तुमच्याच शाळेचा शिक्का आहे, मास्टरजी. वाचून पाठवत नाही का?"

असुंता माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. "सर, चार दिवस म्हणजे?"

तंबूत दुसऱ्या शाळांचे दोन शिक्षक होते. दोघंही कधीकाळी माझे विद्यार्थी. मी चष्मा काढून पुसला आणि म्हणालो, "मी काय करू? भरतीच्या वेळी तुझ्या घरच्यांनी जे सांगितलं, ते लिहिलं."

इतकंच वाक्य. बोलताना जीभ अडखळली नाही. मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो होतो की उत्तर चुकलं तर खोडरबराने पुसू नका, एक सरळ रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. चूक दिसू दे, चुकीची लाज नसते. आणि माझी चूक मी एका अशिक्षित बाईच्या पदरात टाकून मोकळा झालो.

असुंताने पायातले मोजे काढले, घडी घातली आणि बदली मुलीच्या हातात दिले. संघाकडे मोज्यांच्या दोनच जोड्या धड होत्या.

अंतिम सामन्यापर्यंत आम्ही पोचलो. शेवटच्या पाच मिनिटांत पलीकडच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बदली मुलगी धावली, पण दोन पावलं उशिरा. चेंडू गोलमधल्या फळीवर आदळल्याचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. एक-शून्य. आमचा हंगाम तिथे संपला. पुढच्या वर्षी असुंता कुठल्याही तारखेने चौदाखाली बसणार नव्हती, हे गणित मला येत होतं. बेरीज-वजाबाकी माझा विषय.

परतीच्या गाडीत नेहमी गाणी असतात. त्या दिवशी एलिसबाच एकटी पुटपुटत होती. "चार दिवस! हिच्या आयोला चार दिवस थांबता आलं नाही."

"आयोला काहीच येत नाही," असुंता खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तारीखसुद्धा धड सांगता येत नाही."

मी पुढच्या सीटवर होतो. मागे वळलो नाही.

दोन आठवड्यांनी, भेटीच्या शनिवारी, असुंताची आई बिबियाना आली. दोन कोस चालून आणि मग बसने. पानात बांधलेले अरसे, तांदळाच्या गोड पुऱ्या, घेऊन ती वसतिगृहाच्या फाटकाजवळच्या सखुव्याच्या झाडाखाली बसली. बाकीच्या पोरी आपापल्या आयांना बिलगल्या. असुंता बाहेर आलीच नाही. एलिसबा जाऊन आली आणि म्हणाली, "काकी, तिचं डोकं दुखतंय."

"डोकं नाही दुखत," बिबियाना म्हणाली. "माझ्यावर रागावली आहे. मागच्या रविवारी घरी आली तेव्हाही बोलली नाही. मी काय केलं, तेवढं विचार तिला."

मी व्हरांड्यात वह्या तपासत होतो. तिने मला बघून हात जोडले. मीही जोडले. ती दोन तास बसली. बसची वेळ झाली तेव्हा अरसे एलिसबाच्या हातात देऊन गेली. त्या दोन तासांत मी एकच वही तपासत होतो.

सोमवारी सकाळी मी सिस्टरांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. सिस्टर क्लेमेन्सिया वयाने माझ्याहून लहान, पण त्यांच्यापुढे सगळेच शिशुवर्गातले वाटतात.

"किती मुलं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग बसा आणि शोधा. फादरांकडून वही आणा. एकेक नाव ताडून बघा." जरा थांबून म्हणाल्या, "पात्रसजी, तुम्ही हे स्पर्धेच्या आधी सांगितलं असतं तर मी स्वतः गाडी काढून जिल्ह्याला गेले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं. सगळ्यांना कळलं असतं," मी म्हणालो. ते खरं होतं, पण ऐकायला किती वाईट होतं ते बोलल्यावर कळलं.

दोनशे पावलं चालून मी वही आणली. अकरा नावं निघाली. असुंता डुंगडुंग, जन्म दोन फेब्रुवारी. फादरांच्या बारीक, नीट अक्षरात ती तारीख तेरा वर्षं तिथेच होती.

दुपारी मी असुंताला मैदानावर बोलावलं आणि सांगितलं. कारण सांगितलं, तंबूतलं खोटंही सांगितलं. ती रडेल, ओरडेल, असं वाटलं होतं. तिने काठीच्या टोकाने मातीत एक खड्डा केला.

"म्हणजे मी खेळू शकले असते?"

"हो."

"आणि आयोने बरोबर सांगितलं होतं?"

"तिचे शब्द मला आठवत नाहीत. पण मी लिहिलं ते चूक होतं."

"मी तिला काय काय बोलले, सर." मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही चला. मी सांगितलं तर तिला वाटेल मी समजूत काढतेय. तुम्ही सांगा."

रविवारी मी तिच्याबरोबर तिच्या गावी गेलो. बिबियाना अंगणात मडुवा, म्हणजे नाचणी, पाखडत होती. मास्टर आला म्हणून लगबगीने खाट टाकली. पाय धुवायला लोटा आणायला वळली, तेवढ्यात मी म्हणालो, "आधी ऐकून घे." खाटेवर न बसता, उभ्यानेच सांगितलं. तिची मुलगी दाराला टेकून ऐकत होती.

बिबियाना पुन्हा सूप घेऊन खाली बसली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, मास्टरजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादाला नेतात त्या दिवशी झाली, असं सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली आणि दुसरंच लिहिलं. मी बाजूला उभ्या बाईला विचारलं, काय लिहिलं? ती म्हणाली, डिसेंबर. मग मला वाटलं, शाळेच्या वहीत आहे म्हणजे माझंच चुकलं असणार. तेव्हापासून कुणी विचारलं की मी डिसेंबरच सांगते."

मेणबत्त्यांचा तो सण दर वर्षी दोन फेब्रुवारीलाच येतो. मी तिची माफी मागितली. ती "असू द्या, असू द्या" म्हणत राहिली, आणि तिचं ते म्हणणं मला टेबलामागच्या कारकुनापेक्षा जड गेलं.

दुरुस्तीचा कागद नोव्हेंबरात आला. तोवर रांचीच्या हॉकी प्रशिक्षण केंद्राची त्या वर्षीची निवडही असुंताशिवाय होऊन गेली होती. निरोपाचा समारंभ मी नको म्हटला. सिस्टरांनी आग्रह केला नाही.

गावी गेलो त्या रविवारी मात्र, मी निघणार तेवढ्यात, असुंता आईजवळ जाऊन बसली, सूप तिच्या हातातून घेतलं आणि पाखडू लागली.

"आयो, मी झाले तेव्हा काय काय झालं ग?"

बिबियाना सांगू लागली. पहाटे कळा सुरू झाल्या, सगळं गाव चर्चला गेलेलं, दाई सापडेना, शेजारची म्हातारी हातातली पेटलेली मेणबत्ती तशीच घेऊन धावत आली. ती सावकाश सांगत होती, मधे थांबून आठवत होती. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि शेवटपर्यंत ऐकलं.