निळी रात्र, लाल आग

माझ्या धाकट्या भावाला त्या दिवशी मी घराबाहेरच काढणार होते.

"ताई, एकदा बघ तरी," म्हणत त्याने भिंतीवर चादर ताणली, खिडक्यांचे पडदे ओढले आणि बाबांना खुर्चीत बसवलं.

बाबा थिएटरात प्रोजेक्टर ऑपरेटर होते. काउबॉयच्या जुन्या मूकपटांचं त्यांना वेड. बोलणं नाही, गाणं नाही; नुसती धूळ, टोप्या आणि जीव खाऊन पळणारे घोडे. त्यातलं एकच रीळ घरी उरलं होतं. त्याच्यासाठी संग्राहक आमचा उंबरठा झिजवत, पण बाबा कुणाला दाद देत नसत. आता त्यांना चेहरे दिसत नाहीत, रंग तेवढे कळतात. त्या जुन्या फिल्मवर प्रसंगाप्रमाणे रंग चढवलेला होता: दिवस पिवळा, रात्र निळी, आग लाल. तेवढ्यावर बाबा सगळी गोष्ट ओळखायचे.

धाकटाही संग्राहकच, पण त्याला सगळं लख्ख लागतं. रीळ आखडत चाललंय, कॉपी करून आणतो म्हणाला. मी विश्वासाने दिलं. अक्कल गहाण ठेवली होती मी!

चादरीवर घोडे धावू लागले. काळेपांढरे.

"रंग कुठेयत?" मी धाकट्याच्या कानाशी विचारलं.

"काढले ना! डाग पडल्यासारखे दिसत होते. आता बघ, आयाळीचा केस न्‌ केस दिसतो."

"आणि रीळ?"

त्याने मान खाली घातली. "जुनी फिल्म पेट घेते, ताई. लॅबवाले म्हणाले, नष्ट करू का? मी सही केली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाढवा, निळा रंग तुला डाग वाटला? तो माणूस भर उन्हात कंदील घेऊन फिरतोय, ते तरी दिसलं का तुला?"

"हळू बोल, बाबा ऐकतील."

"ऐकू देत!"

"भांडण नंतर करा रे," बाबा म्हणाले. "नुसता दिवाच लावून ठेवलाय केव्हाचा. सिनेमा लावा."

चादरीवर तोवर अर्धी गोष्ट होऊन गेली होती. मी धाकट्याला दंडाला धरून त्यांच्यापुढे उभं केलं. "सांग. तूच सांग त्यांना."



बाबांनी चादरीकडे तोंड केलं. "आणि निळं आलं की मध्येमध्ये सांगत बसू नका," ते म्हणाले. "तेवढं मला दिसतं."