चूल वेगळी, घर वेगळं

रत्नमाला साळवे तिसऱ्यांदा दारात आलेली पाहून कडुबा पठाडे वैतागला.

"मॅडम, सांगितलं ना, आमचं घर एकच हाय. तसं लिव्हा अन् मोकळ्या व्हा."

करमाडच्या पलीकडचं हे गाव. शहरातली एक संस्था दर पाच वर्षांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या त्याच त्या घरांत जाऊन मिळकत विचारत असे. सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधोमध येणारं घर किती कमावतं, आणि ती कमाई वाढते की नाही, हे संस्थेला हवं होतं. त्यासाठीच रत्नमाला तिच्या वतीनं दारोदार फिरत होती. सरासरी काढून भागत नसे. कंपन्यांना जमिनी विकलेली चार घरं अख्ख्या गावाला कागदावर शेठ करून टाकत.

मधलं घर सापडायचं तर आधी घरं नीट मोजायला हवीत. नियम साधा होता: एका चुलीवर जेवतील ते एक घर. आणि कडुबाच्या घरामागं, पत्र्याच्या खोलीपुढं, दुसरी चूल रत्नमालेला स्पष्ट दिसत होती.

"ती खोली कुणाची?"

"आमच्या सरिताची. धाकट्या भावाची बायको. भाऊ गेला, पण ती आमच्यातच जेवती."

"मग तिलाच विचारते."

"ती कंपनीत जाती. घावायची नाय."

रत्नमाला त्याच्याशी वाद घालत बसली नाही. संध्याकाळी ती फाट्यावर जाऊन थांबली. शेंद्र्याहून कंपनीची गाडी आली, पाच-सहा बाया उतरल्या. सरिता कोणती, हे एकीनं दाखवलं. सरिता आधी बिचकली. पण काम ऐकल्यावर पदर खोचत म्हणाली, "मागच्या खेपेलाबी लोक आले व्हते. भाऊजींनीच सगळं सांगितलं. मला कुणी इचारलंच नाय. चला."

खोलीपुढं बसून सरितानं सांगायला सुरुवात केली. पॅकिंगचं काम, ठेकेदाराकडून मिळणारा पगार, सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जाणं. धान्य रेशनचं आणि दुकानातलं. शेतातून काही येतं का, असं विचारल्यावर ती नुसतीच हसली.

तेवढ्यात कडुबा आला. "हे बरं नाय, मॅडम. उद्या गावात होईल की पठाड्यांचं घर फुटलं. बाप गेल्यापासून मी हे घर एक ठेवलंय."

त्याच्या आवाजात रागापेक्षा काकुळतीच जास्त होती. रत्नमालेला ती समजली. तरी तिनं पेन खाली ठेवलं नाही.

"भाऊ, मी घर फोडायला आले नाही. जसं आहे तसं लिहायला आले. यांचं जेवण कुठं होतं, तेवढं खरं सांगा."

उत्तर आलं ते कडुबाच्या म्हाताऱ्या आईकडून, मनकर्णाबाईकडून. खोलीच्या उंबऱ्यात ती कधीची बसून होती.

"हिचं इचारता, अन् माझं? मीबी हिच्याच चुलीवर जेवते."

"माय!"

"खोटं हाय का? दोन वर्सं झाली. तुझ्या घरात मला तिखट सोसंना, अन् वेगळं कालवण कुणी करंना. ही करती."

रत्नमालेनं विचारलं, "मग या घराची प्रमुख कोण लिहू?"

सरितानं सवयीनं सासूकडं पाहिलं. म्हातारीनं हात झटकला. "मी काय कमावते? हिचंच लिव्ह."

कडुबा पुढच्या अंगणात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संस्थेतले सोमनाथ सर हे ऐकून विचारात पडले. "एका घराची दोन घरं धरलीस, तर मागच्या आकड्याशी तुलना कशी करायची? आणि एकाच गावात असं करून चालणार नाही. करायचं तर सगळीकडं करावं लागेल."

"करते की."

"उन्हाळा तोंडावर आलाय, रत्नमाला."

"व्हय सर. म्हणून उद्यापासूनच निघते."

आणि ती निघाली. करमाडपासून फुलंब्रीकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत, जिथं जिथं आधी एक घर लिहिलं होतं, तिथं तिथं ती मागच्या अंगणात जाऊन चूल पाहून आली. चूल कधी वेगळी झाली तेही टिपून आणलं, म्हणजे मागचे आकडेही तसेच मांडता येतील. कुठं म्हातारा-म्हातारी वेगळी निघाली, कुठं टाकून दिलेली बाई. एके ठिकाणी तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. दुसऱ्या दिवशी ती सरपंचबाईंना बरोबर घेऊन पुन्हा त्याच दारात गेली.

नवी घरं जवळपास सगळी रांगेच्या खालच्या टोकाला जमली आणि मधलं घर खाली सरकलं. दहा वर्षांत कमाई चांगलीच वाढली, असं आधी वाटत होतं. ती वाढ आता निम्म्यावर आली. सोमनाथ सरांनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. मग अहवालात दोन्ही हिशेब द्यायचं ठरवलं, जुन्या पद्धतीचा वर आणि नवा तळटीपेत.

"तळटीप कुणी वाचत नाही, सर," रत्नमाला म्हणाली. "नवा वर घ्या."

सरांनी संगणकावरच्या अहवालात नवा आकडा उचलून वर नेला आणि तिच्याकडं वळून म्हणाले, "कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तू बैठकीला ये."

"येते," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.