तिचे दोन आकडे

बँकेच्या कार्डाच्या कोपऱ्यातल्या त्या कमानी, बाहीचा गोल खडूनं आखताना हात चुकावा आणि पुन्हा पुन्हा आखावा तशा एकात एक, मास्तरांनी अंगठ्यानं घासून पाहिल्या. निघणार नव्हत्याच, छापलेल्या होत्या. तरी कार्ड हातात आलं की अंगठा तिथंच जायचा. या कमानी नव्हत्या तोवर कार्ड विचारल्याशिवाय पैसा देत नव्हतं. आता यंत्राला नुसतं टेकवलं की टुक्... झालं. कुणीही टेकवावं. रस्त्यात पडलं तर सापडणाऱ्यानं टेकवावं.

बायको असतानाच हे नवं कार्ड आलं होतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, गिऱ्हाइकानं आणलेलं कापड हलकं निघावं तसं तोंड केलं, आणि म्हणाली होती, "कुणालाही उघडतं ते कुलूप कसलं? अहो, आपण आपलं आकडे दाबूनच घ्यायचं."

"मास्तर, पिन मागतंय," गल्ल्यामागून किराण्याची दुकानदारीण म्हणाली.

"पिन कशाला? टेकवलं की मी."

"टेकवलंत हो. पण मधूनमधून मागतं ते. हातात धरणारा मालकच आहे ना, बघायला."

मास्तरांनी दोन आकडे दाबले आणि थांबले.

"आठवेना? वाढदिवस टाकला असेल बघा. सगळे तेच करतात."

"आमच्यात तसलं नाही," मास्तर म्हणाले, आणि म्हणताना त्यांची मान ताठ झाली. मागं रांग होती, कुणीतरी पिशवी या हातातून त्या हातात घेत होतं, पण मान खाली जाईना... कारण पहिले दोन आकडे त्यांचे होते आणि शेवटचे दोन तिचे, आणि तिचे त्यांना ठाऊक नव्हते. कधीच नव्हते. शिवणाच्या दुकानात जन्मभर तसंच चाललं होतं — कापणं त्यांचं, काज-बटण तिचं, एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, आणि दोघांच्या हाताखालून गेल्याशिवाय कपडा बाहेर पडायचा नाही. पिन ठरवायची वेळ आली तेव्हा वेगळं काही सुचलंच नाही. ते आपले दोन दाबून बाजूला व्हायचे, ती पुढं व्हायची, यंत्रावर डावा पंजा आडवा धरून उरलेले दाबायची. याच दुकानदारिणीनं हसून विचारलं होतं, "सामान घेताय की पुन्हा लग्न लावताय?"

हसू दे. बँकेतून बोलतोय म्हणून एका लफंग्याचा फोन आला, तेव्हा गडबडीत मास्तर आपले दोन सांगून बसले होते. पुढचे सांगा, म्हणाला. पुढचे बायकोकडे आहेत, म्हणाले. मग फोन तिनं घेतला, आणि त्याला असं काही झोडपलं की शेवटी तोच बिचारा "चुकलं, मावशी" म्हणाला. मास्तर ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगायचे.

मी आधी गेलो तर हिचं काय, किंवा ही गेली तर माझं काय, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

यंत्र वाट पाहून पाहून बंद झालं. अंदाजानं दाबून बघता आलं असतं, पण अंदाजानं बघणं हे चोराचं काम. मास्तरांनी रोख पैसे काढून दिले.

दुपारी मुलगी त्यांना बँकेत घेऊन गेली.

"म्हणजे आई गेल्यापासून तुम्ही नुसतं टॅप करून भागवताय? बाबा, कार्ड हरवलं असतं म्हणजे?"

"हरवलं नाही."

"आणि आईनं शेवटी सांगितलं नाही तुम्हाला?"

"ती सांगणारी नव्हती," मास्तर म्हणाले. पोरगी परीक्षेत पहिली आल्याचं सांगावं त्या आवाजात म्हणाले. तापात ती काय काय बोलली होती, कुणाकुणाला हाका मारल्या, कुठलीकुठली राहिलेली बटणं आठवली, पण ते दोन आकडे तिच्या तोंडून निघाले नाहीत. आणि मीही विचारलं नाही, मास्तर मनाशी म्हणाले. विचारलं असतं तर मी कशाची तयारी करतोय ते तिला कळलं असतं... त्या खाटेशी बसून मी जे काही नीट केलं, ते एवढंच.

खिडकीतल्या बाईंनी छोटं यंत्र पुढं सरकवलं. "जुना पिन कुणालाच कळत नाही काका, आम्हालाही नाही. नवा टाका. आणि टॅपचं काय करू? चालू ठेवू की बंद?"

"आधी पिन," मास्तर म्हणाले.

"आईच्या जागचे दोन मी टाकू का?" मुलीनं हळूच विचारलं.

तिचा हात पुढं आलाही होता. आईसारखाच, बोटं जरा आखूड. त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं, आणि म्हणूनच ते नाही म्हणाले. "तुझं तुझं घर आहे, बाळ. हे मला करू दे."

तिसरा आकडा दाबताना बोट अडखळलं, दुसऱ्याच्या शिवणात सुई घालावी तसं. चौथा दाबला. यंत्रानं पुन्हा टाकायला सांगितलं, तेव्हा चारही सलग दाबले गेले.

"टॅपचं काय करू, काका?" बाईंनी पुन्हा विचारलं.

मास्तर ऐकत नव्हते. चार आकडे डोक्यात होते, आख्खे, आणि ते एकट्यानं सांभाळायचे म्हणून छाती जरा पुढं आली होती, तेवढ्यात लक्षात आलं की बायकोला ठाऊक नाही असं त्यांच्याजवळ आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी आहे. सांगावं म्हणून, ती उभी असायची त्या बाजूला तोंड वळलं. मग वाटलं, नको, तिनंही सांगितलं नव्हतं... आणि त्या न सांगण्यात ती इतकी जवळ आली की बाईंना उत्तर द्यायचं राहूनच गेलं.