कोरडे वजन

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पण भाजीच्या गाडीवरचा नव्हे. मी काचेच्या पेटीत राहतो. माझी दोन पितळी पारडी तुमच्या तळहाताएवढी आहेत. कोऱ्या कागदाचा कपटा माझ्यावर ठेवा, मग त्यावर पेन्सिलीने आपले नाव लिहा आणि पुन्हा ठेवा. तुमच्या नावाचे वजन मी सांगेन. बढाई म्हणा हवे तर, पण ती खरी आहे.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझी दांडी अकीक नावाच्या कठीण दगडाच्या धारेवर टेकवली, तेव्हा श्वास रोखून धरला होता. काटा डोलला, मधोमध येऊन थांबला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. तिथून मी थेट या अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. दूध, डाळी, पीठ, मसाले, सारे माझ्यापुढून गेले. शेठजींचे पीठ आणि शेजाऱ्याचे पीठ माझ्या लेखी सारखेच. पाहुण्यांना सगळ्यात आधी मलाच दाखवत. "हा आमचा हुकमी एक्का," असे मोठे साहेब म्हणत, आणि मी काचेत अधिकच चकाकत असे.

मग विजेवर चालणारा काटा आला. बटण दाबले की आकडा हजर. मला कोपऱ्यातल्या फळीवर बसवले. माझ्या पेटीवर कोणी चहाचा कप ठेवी, कोणी डबा. वजनांच्या पेटीतला चिमटा तर कोणीतरी कागद उचलायला नेला. धूळ साचली, पण काटा आत सरळच उभा होता, हे मी अभिमानाने सांगतो.

एके दिवशी तो नवा काटा रुसला आणि दुरुस्तीला गेला. त्याच दिवशी ताईंची धाकटी बहीण दोन जुड्या पालक घेऊन आली. ताई म्हणजे आमच्या रसायनतज्ज्ञ. बोलायला कमी, हात मात्र कमालीचा स्थिर. बहिणीला त्या चिंगी म्हणत. चिंगीने नोकरी सोडून रासायनिक खत आणि फवारणीशिवाय भाजी पिकवली होती. आता दुकान उघडायचे ठरले होते. पाटी रंगवणारा थांबला होता, आणि पाटीवर तिला लिहायचे होते, "जास्त लोह, जास्त पौष्टिक."

"ताई, एक जुडी माझी, एक बाजारातली. तू फक्त तपासून सही कर."

"सही शेवटी. आधी तपासणी," ताई म्हणाल्या. "आणि कुठली तुझी ते मला सांगू नकोस."

ही आमच्याकडची रीत. सहायक तात्यांनी जुड्यांवर क आणि ख अशा चिठ्ठ्या लावल्या, कुठली कोणाची ते एका कागदावर लिहून त्याची घडी घातली आणि चिंगीला बाहेर बसवले. "चेहऱ्यावरून गुपित फोडेल ती," असे म्हणून हसले.

ताईंनी मला मऊ कापडाने पुसले. चिमटा शोधून आणला. दोन्ही जुड्यांची सारख्या वजनाची पाने घेतली, जाळली आणि राखेतले लोह मोजले. क मध्ये ते बरेच जास्त निघाले. तात्यांनी घडीचा कागद उलगडला. क चिंगीची!

"बघ! सांगत नव्हते?" चिंगीने ताईंना मिठीच मारली. "करू का फोन पाटीवाल्याला?"

"थांब. भट्टीत थोडी पाने वाळताहेत. ती होऊ दे."

"आता ती कशाला? तुझं नेहमीचंच, चांगल्या कामात फाटे फोडायचे!"

दुसऱ्या दिवशी वाळलेली पाने माझ्यावर आली. ओली असताना दोन्हींचे वजन अगदी सारखे होते; वाळल्यावर मात्र ख कितीतरी हलकी झाली. ताई काट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "चिंगे, बाजारातली जुडी रात्री कुठे ठेवली होतीस?"

"बादलीत, पाण्यात. सुकली असती, तर तूच म्हणाली असतीस की मी लबाडी केली."

"आणि तुझी?"

"फडक्यात बांधून आणली. उन्हातून."

बोलता बोलता चिंगी थांबली. तिच्या सुकलेल्या पानांत पाणी कमी, म्हणून तेवढ्याच वजनात पाला जास्त. बाजारातल्या जुडीबरोबर आम्ही पाणीच तोलले होते. चिंगी न्यायाने वागायला गेली, आणि तिथेच चूक झाली.

"तू माझी बहीण आहेस की त्या काट्याची?" ती चिडून म्हणाली.

"दोघांचीही," ताई म्हणाल्या. "घे चिमटा. या वेळी तू तोल."

चिंगीने दोन्हीकडची कोरडी पूड सारखी तोलली. पण पेटीचे दार उघडेच राहिले. झुळकेने माझा काटा थरथरला. ताईंनी हळूच पेटीचे दार लावले, तेव्हा तो स्थिरावला. या वेळी राखेतले लोह जवळजवळ सारखेच निघाले.

चिंगी खाली बसली. "मग माझ्या भाजीला कोण विचारणार, ताई?"

"फवारणी शोधणाऱ्या यंत्राचा निकाल बाकी आहे ना." तो निकाल आला, त्यात बाजारातल्या पालकावर फवारणीचा अंश होता, ठरलेल्या मर्यादेच्या आतला. चिंगीच्या पालकावर काही सापडले नाही. "एवढं मी सही करून देईन. तेही या दोन जुड्यांपुरतं. साऱ्या जगाच्या भाजीचं मी सांगू शकत नाही. आणि दोन्ही धुऊनच खायच्या."

चिंगीने पाटीवाल्याला फोन लावला. "लिहा, बिनाफवारणीचा पालक. आणि खाली लिहा, पौष्टिक, इतर पालकाइतकाच." पलीकडून तो काहीतरी बोलला असावा, कारण ती म्हणाली, "हो हो, वेडीच आहे मी. मोठ्या अक्षरात लिहा!"

तात्या खो खो हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी बहिणीची पाठ थोपटली आणि दुकानातली पहिली जुडी स्वतःसाठी सांगून ठेवली.

नवा काटा दुरुस्त होऊन आला, तरी मी आता फळीवर नाही. ताईंच्या टेबलावर आहे. चिंगी आली की आधी माझी काच पुसते आणि मगच बहिणीशी बोलते.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या शाळेत असेल, तर त्याच्या पेटीवर कप ठेवू नका. वजने चिमट्यानेच उचला, बोटांचा घामही वजनात येतो. आणि तोलताना दार लावायला विसरू नका. वाऱ्याच्या झुळकेने काटा हलतो. आपल्या मनातल्या इच्छेने तर तो वाऱ्याशिवायही हललेला दिसतो. मी मात्र कोणाच्या इच्छेने हललो नाही, आणि पाटी लिहून घेताना चिंगीही हलली नाही.