लाँड्रीची भागीदार

आमची लाँड्री बंद झाली तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. शेवटच्या गिऱ्हाइकाचा कोट स्वतः नेऊन दिला, घरी आले आणि पाय पसरून बसले. वाटलं, सुटले. कुलूप लावलं की दुकान बंद झालं, एवढंच आम्हाला ठाऊक.

चौथ्या महिन्यात बँकेची नोटीस आली. नाव माझं, पत्ता घराचा.

नवरा गेल्यावर धाकट्या दिरांनी मला त्याच्या जागी भागीदार करून घेतलं होतं. केवढा मान वाटला होता तेव्हा! कॉलरच्या आत शाईने आकडे घालायचं काम सोडून मी गल्ल्यावर बसले. खुर्चीला गादीसुद्धा शिवली. मग भावजींनी वाफेवर चालणारं मोठं यंत्र कर्जावर आणलं. "सही कुठे करू?" एवढंच मी विचारलं. यंत्राने वर्षभरात मान टाकली, कर्जाने नाही.

वकीलबाईंकडे आम्ही दोघं गेलो. भावजींनी माझ्या नवऱ्याचा स्वेटर घातला होता. त्यांचं घर त्या यंत्रापायी आधीच गेलं होतं, तेव्हापासून ते माझ्या मागच्या खोलीत राहत.

"माझ्या वाट्याला अर्धंच ना?" मी विचारलं.

"नाही काकू. भागीदारीत बँक सगळं कर्ज एकाकडूनही वसूल करू शकते. तुमच्याकडे घर आहे."

"आणि ह्यांच्याकडे?"

"माझ्याकडे वहिनी आहेत," भावजी म्हणाले.

वकीलबाईंना हसू आवरेना. मलाही आलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"त्यांचा वाटा तुम्ही दावा लावून मागू शकता."

"सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन दुपारी कोर्टात माझ्यासमोर उभे राहणार हे?"

"लावा की," भावजी पुटपुटले. "उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात्र हिवानं मेलं."

घर विकलं. कर्ज फिटून उरलं ते जेमतेम एका खोलीच्या भाड्यापुरतं. मुलीचा फोन आला. "आई, तू ये. खिडकीजवळची खोली तुझी. पण काकांचं मला जमणार नाही. त्यांनीच बुडवलं तुला."

खरं होतं ते. मला जायचंही होतं. मी बॅग भरली. भावजी दारात उभे राहून म्हणाले, "जा वहिनी, मी बघतो माझं."

काय बघणार होते? त्यांना गॅस पेटवता येत नव्हता.

"बाजूला व्हा," मी म्हटलं, आणि भरलेल्या साड्या पुन्हा बाहेर काढल्या. कुणी थांबवलं नव्हतं मला. कुणी थांबवलं असतं, तर भांडून तरी गेले असते.

एका खोलीत मधे पडदा लावून आम्ही अकरा वर्षं काढली. ते घोरत, मी जागी असे. मुलगी दर रविवारी फोन करायची. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग फोन ठेवता ठेवता, "काका बरे आहेत ना?"

"ठणठणीत," मी म्हणायचे. पडद्यापलीकडे घोरणं तेवढ्यापुरतं बंद व्हायचं.